दर मजल्याला एक खजूर

लांबच्या पदभ्रमंतीच्या सरावात सगळ्यात म्हातारा मीच होतो. भरलेली सॅक पाठीवर घेऊन टेकडी चढलो. प्रत्येक वळणावर एक खजूर खाल्ला, धाप लागली नाही.

"काका, भूक लागायच्या आधीच खायचं, हे कुणी शिकवलं?" प्रशिक्षक मुलीने विचारलं.

"बायकोने. शेवटची दोन वर्षं तिला चालता येत नव्हतं. इमारतीला लिफ्ट नाही, आणि हिला रोज गच्चीवर जायचं असायचं. मी पाठीवर घेऊन चढायचो. दर मजल्याला मागून माझ्या तोंडात खजूर घालायची आणि म्हणायची, 'घोडा दमला वाटतं.'"

"दमायचात?"

"एकदाही मध्ये खाली ठेवलं नाही तिला."

"मग ही सॅक काहीच नाही तुम्हाला."

"हलकी आहे. पण फार गप्प आहे."