आजोबांची कूस

आजोबांनी पुन्हा अंथरूण खराब केलं, तेव्हा मोजणीवाल्याने आधी टॅबवर बोट ठेवलं आणि मग नाकावर रुमाल.

सिस्टरने पडदा ओढला. अतिदक्षता विभागाच्या या टोकाला दोन खाटा आणि ती एकटी. वॉर्डातल्या मदतनीस मावशी रक्ताचे नमुने घेऊन लॅबमध्ये गेल्या होत्या. आजोबा औषधाच्या गुंगीत, अंगाने दांडगे, घशात व्हेंटिलेटरची नळी. अशा माणसाची कूस बदलायची तर एकीने अंग धरायचं आणि दुसरीने नळी. मागच्याच महिन्यात एकटीने कूस बदलताना शेजारच्या खाटेवरच्या बाईंची नळी निसटली. त्या वाचल्या नाहीत. तेव्हापासून सिस्टर प्रत्येक पाळीला आणखी एक सिस्टर मागत होती. व्यवस्थापनाने मोजणीवाला पाठवला. इथे खरंच किती हात लागतात ते तो बघणार आणि तो सांगेल तसं ठरणार.

"आजोबा, जरा वळायचं हं," सिस्टर म्हणाली. गुंगीतल्या माणसाशीही ती बोलायची. "साहेब बघायला आलेत. अंग चोरू नका."

मोजणीवाल्याने खुर्ची मागे सरकवली. "मोजणी चालू करू का?" त्याने रुमालाआडून विचारलं.

"घाण कुणासाठी थांबत नाही साहेब. करा चालू."

तिने एका हाताने आजोबांचा खांदा ओढला, दुसऱ्याने नळी धरली. पुसायला तिसरा हात नव्हता. तिने गुडघा खाटेच्या कडेवर रोवला, आजोबांचा भार मांडीवर पेलला आणि नळीवरचा हात काढून कापड उचललं. पातळ, हिरवट मळ पाठीपर्यंत पसरला होता.

आजोबांना खोकल्याची उबळ आली. अंग मागे कलंडलं. नळी ताणली गेली आणि व्हेंटिलेटर कोकलू लागला.

"साहेब, इकडे या. नळी धरा."

तो जागचा हलला नाही.

"धरा म्हणते ना. माणूस जाईल."

रुमाल खाली पडला. त्याने दोन्ही हातांनी ओठांपाशी नळी धरली, तोंड फिरवून, डोळे मिटून. मळ त्याच्या बाहीला लागला. त्याच्या घशातून ओकारीचा आवाज आला, पण पकड सुटली नाही. सिस्टरने पुसलं, चादर बदलली, आजोबांना अलगद उशीवर टेकवलं. यंत्र गप्प झालं.

मोजणीवाला कोपरापर्यंत हात घासत बेसिनपाशी उभा राहिला. सिस्टरला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. इतके दिवस कंठशोष करून जे कुणाला पटलं नव्हतं, ते याच्या हातांना तरी कळलं होतं.

"बघितलंत ना?" ती म्हणाली. "एकटीचं काम नाही हे."

"छे, मुळीच नाही," तो अगदी मनापासून म्हणाला. बाही हुंगून त्याने तोंड वाकडं केलं. मग टॅब उचलला आणि पुटपुटत भरू लागला. "कूस बदलली. स्वच्छता केली. इजा नाही. सिस्टर, एक."

"एक? आणि तुम्ही?"

"मी स्टाफमध्ये थोडाच मोडतो?" त्याने समजूत घातली. "नळी निसटली असती, तर दोन लिहिता आलं असतं."