वाढीव जागा

लेथ मशीन चालवायला शिकायचं म्हणून ती तीन वर्षं प्रतीक्षायादीत होती. यंदा प्रशिक्षण केंद्राने वीसच्या साठ जागा केल्या, तिचं नाव लागलं आणि तिने दुकानातली नोकरी सोडली. "घरात कांदा धड चिरता येत नाही, आणि म्हणे लोखंड कापणार!" सासूबाई म्हणाल्या; पण पहिल्या दिवशी डबा त्यांनीच भरून दिला.

वर्कशॉपमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या होत्या आणि समोर प्रोजेक्टरचा पडदा. खुर्च्यांखालच्या फरशीत जाड बोल्टांची कापलेली टोकं तेवढी उरली होती.

"सर, लेथ कुठे आहेत?"

सरांनी हजेरीतून मान वर केली.

 

"त्या काढल्या, म्हणून तर एवढ्या खुर्च्या मावल्या. नाहीतर तुमचा नंबर कुठला लागायला, ताई!"