बोडीवरचं घरटं

"पाणी घालाले जाशील तवा बोडीकडं पाहत जाजो, पोरी. सारसाचं घरटं मोडू देजो नोको."

सासूबाईंचं, सावित्रीबाईंचं, हे शेवटचं सांगणं. त्यांच्या तोंडात गंगाजळ घालताना ओमेश्वरीनं हो म्हटलं होतं. आणि एकदा हो म्हटलं की ते तिच्या नेमातच जमा व्हायचं. दिवस उगवायच्या आत बोडीच्या पाळीवरल्या महादेवाला पाणी, पाणी घालेपर्यंत मौन, श्रावणभर एक वेळचं जेवण. मागल्या चातुर्मासात तिनं दुधी सोडला होता, तो अजून खायला धरला नव्हता. परसातल्या वेलावरची लहान, गोल फळं तशीच वाळून टणक झाली. त्यांची माळ पडवीच्या वाशाला लटकत होती.

बोडी म्हणजे मातीची पाळ घालून अडवलेलं घरचं लहानसं तळं. त्यावर धान पिकायचं. ओमेश्वरीचा नवरा इंदरलाल गेल्यापासून ती तिच्या आणि दिराच्या सामाईक नावावर होती. दीर चंद्रकुमार गोरेगावला दुकान चालवायचा आणि बोडीची आठवण झाली की फटफटीवर यायचा.

आज तो पहाटेच आला, कारण पाहणीवाली बाई येणार होती. जिल्ह्याचा नकाशा रंगवणं चाललं होतं. जिथं धक्का लागला तर पुन्हा भरून निघणार नाही ती जागा लाल. तिथं बांधकाम नाही. जिथं चालण्यासारखं आहे ती हिरवी. तिथं पर्यटनाला मोकळीक.

"मॅडम, बिरसीचं विमानतळ इथून किती दूर?" पाहणीवाली चेतना जीपमधून उतरते न उतरते तोच चंद्रकुमारनं सुरुवात केली. "पाव्हणा तिथं उतरला का सीधा इथं. अर्धी बोडी मुरमानं बुजवतो, अर्ध्यात बोट फिरवतो. हिरवा मारून द्या."

"आधी बघू तर द्या," चेतना म्हणाली. मग ओमेश्वरीकडे वळली. "काकू, सारसाचं घरटं आहे म्हणतात इथं."

ओमेश्वरी पिंडीवर पाणी घालून झाली होती. तिनं बोट दाखवलं. बोडीच्या मधोमध देवधानाच्या उंच गवतात काड्यांचा ढीग दिसत होता.

चेतनानं दुर्बीण लावली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "दोन अंडी आहेत. पांढुरकी, तांबूस ठिपक्यांची." तिनं दुर्बीण घरट्याभोवती फिरवली. "पण पक्षी बसलेला नाही."

"हे फटफटी घेऊन पाळीवर चढले. कोण बसून राहील?" ओमेश्वरी म्हणाली.

"म्हणजे माझ्यानं उडाले?" चंद्रकुमार हसला. "लई दिवस झाले भाभी, मले तं त्याहिचं ओरडणंच आयकू आलं नाही."

"तुम्ही येता कवा, भाऊजी? सही पाहिजे राहते तवा."

डोक्यावरून बिरसीचं, वैमानिकांना शिकवायचं विमान घरघरत गेलं. ते लांब जाईपर्यंत ओमेश्वरीनं तांब्या पुन्हा भरून घेतला होता. पिंडीमागे मोहाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी तिनं दोन जागी पाणी घातलं, पदर धरून हात जोडले.

"तिथं कोणता देव?" चेतनानं विचारलं.

"देव नाही. ज्याहिचं कोणी करत नाही, त्याहिचं करतो."

चंद्रकुमारची नजर तिच्या हातावर गेली. "भाभी, बोटं पांढरी काऊन? चुना-तंबाखूचंबी व्रत धरलं का या वर्षी?"

ओमेश्वरीनं बोटं पदराला पुसली.

"जवळ जाऊन एक फोटो घेऊ का?" चेतना विचारत होती, पण तिचा पाय पाण्यापाशीच अडला.

"जवळ गेलं तं पाखरू अंडं टाकून देते, असं सासूबाई म्हणत."

"बरोबर. आम्हालाही तेच सांगितलंय." तिनं टॅबवर बोट फिरवलं. बोडी, पाळ, भोवतीची धानाची बांधी, सगळं लाल झालं. रंग पसरताना पाहून तिचा चेहरा उजळला. "बाकीच्या तळ्यांवर नुसत्या जुन्या आठवणी सांगतात लोक. जिवंत घरटं हे एवढंच मिळालं, काकू. तुमच्यामुळं टिकलं."

ओमेश्वरीनं रिकामा तांब्या उचलला.

"आणि माझ्या हिस्स्याचं काय?" चंद्रकुमारचा आवाज चढला. "दोन पाखरांपायी मी जन्मभर चिखल पाहत राहू?"

"अजून पक्कं नाही," चेतना म्हणाली. "आमचे साहेब श्रावण संपायच्या आत खात्री करायला येतील. घरटं दिसलं नाही तर लाल निघून जाईल. दिसेल ना, काकू?"

"दिसेल."

चंद्रकुमारनं फटफटीला किक मारली. "लिहून घ्या मॅडम. ही व्रताची बाई आहे. दिसेल म्हणली म्हणजे दिसेलच." तो थुंकला आणि निघून गेला.

त्या रात्री पाऊस धो धो कोसळला. पहाटे थांबला तेव्हा ओमेश्वरी नेहमीसारखी निघाली. डोक्यावर वाळल्या गवताचा भारा, काखेत टोपली. पाळीवर पोचून तिनं पिंडीवर पाणी घातलं. मग मोहाखाली गेली. विजेच्या तारेला लटकलेल्या सारसाच्या मेल्या जोडीला काठीनं खाली काढून, एकटीनं तिथं पुरल्याला हा दुसरा श्रावण होता. नराला एक तांब्या, मादीला एक तांब्या.

लुगडं गुडघ्यावर खोचून ती पाण्यात उतरली. पावसानं घरट्याची एक बाजू आतल्या सगळ्यासकट वाहून नेली होती. तिनं तिथं नवं गवत रचलं, दाबून बसवलं. मग टोपलीतले दोन वाळलेले दुधी अलगद मधोमध ठेवले. त्यांना फासलेला चुना सुकला होता. गेरूचे ठिपके अजून ओले होते.