एक साखर, एक आम्लारी

“चहा? कॉफी? काही घेतलंत?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाबांनी आधी मुलीकडे पाहिलं. घरात कॉफीबंदी तिनंच लावली होती. “छे! थेंबसुद्धा नाही.” चोराच्या मनात चांदणं, पण तेव्हा बघायला सवड कुणाला होती?

पडद्यावर त्यांचं हृदय सैरावैरा पळत होतं. मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. औषधाचं नाव ऐकून ती स्वतःशीच पुटपुटली, “ॲडेनोसिन. एक साखर, एक आम्लारी. बस, एवढंच.” फळ्यावर तिनं ते कितीदा काढलं होतं. इथे ते बाबांच्या शिरेत जाणार होतं.

“काही क्षण हृदय थांबेल, मग आपल्या चालीवर येईल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जीव जातोय असं वाटेल, आजोबा. जाणार नाही.”

कोपराजवळच्या शिरेत औषध झटकन ढकललं, पाठोपाठ सलाइन. काहीच झालं नाही. हृदय आपलं पळतच होतं.

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. “आणखी एकदा बघू. नाहीतर शॉक द्यावा लागेल.”

धीर द्यायला मुलगी बाबांच्या तोंडाशी वाकली आणि थबकली. कॉफीचा वास.

“बाबा?”

“दोन कप,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “तू अंघोळीला गेलीस तेव्हा.”

कॉफी या औषधाची जागा आधीच रुमाल टाकून अडवते, हे ती दरवर्षी वर्गाला हसत हसत सांगायची. आज डॉक्टरबाईंना ते सांगायची गरज नव्हती. ‘दोन कप’ ऐकताच त्यांनी मोठा डोस भरायला घेतला होता.

या वेळी रेघ सपाट झाली. बाबांचे डोळे विस्फारले. मुलीनं त्यांचा हात गच्च धरला. तिला सूत्र आठवेना की देव आठवेना. रेघ सपाटच. मग एक उंचवटा. जरा थांबून दुसरा. मग शहाण्यासारखे एकामागून एक.

“डॉक्टरांशी खोटं बोलतात का, आजोबा? पुढच्या वेळी विचारलं की खरं सांगायचं.”

“सांगेन की,” बाबा धापा टाकत म्हणाले. “फक्त आधी हिला बाहेर पाठवा.”