दाढीच्या साबणाचा वास

शनिवारी दुपारी एका अनोळखी पुरुषाचा फोन आला. "तुमच्या मिसेस माझ्या खोलीवर पडल्या. गेल्या हो! लवकर या."

माझ्या खोलीवर, म्हणे.

दर शनिवारी ती "प्रभूचं काम आहे" म्हणून बाहेर पडायची आणि परत आली की तिच्या हातांना दाढीच्या साबणाचा वास यायचा. मी तर दाढी राखलेली. "प्रभूला बरी दर शनिवारी तूच सापडतेस," असा टोमणा मी मारायचो. ती नुसती हसायची. माझा संशय आणखी वाढायचा.

त्या खोलीचा जिना मी रडत नाही, मुठी आवळून चढलो.

शेजाऱ्यांनी तिला कॉटवर निजवलं होतं. बाजूला खुर्चीत एक म्हातारा बसला होता. गळ्यात टॉवेल, उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर वाळलेला फेस. दोन्ही हात कंपवाताने थरथरत होते.

"उद्या चर्चमध्ये उपासनेला नीटनेटकं जायचं, आजोबा, असं म्हणायच्या," तो म्हणाला. "एकही शनिवार चुकवला नाही हो त्यांनी."

मी तिचा हात नाकाशी नेला. तोच वास.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि म्हाताऱ्याचा डावा गाल करायचा राहिला होता.