पलीकडचा डबा

मैनाबाईच्या बचत गटाच्या कुरडया भर समुद्रात अडकल्या होत्या. माल चालला होता परदेशी, तिच्या लेकीच्या, पौर्णिमाच्या दुकानात. पौर्णिमाचा देश कोणाच्याच बाजूनं लढत नव्हता. लढत होता शेजारचा देश, आणि त्याला दाणाही पोचू नये म्हणून त्याच्या शत्रूचं आरमार वाटेतलं प्रत्येक जहाज अडवत होतं.

अकोल्याच्या जठारपेठेत, माल परदेशी धाडणाऱ्या एजंट नितेशनं मोबाईल मैनाबाईसमोर धरला. पडद्यावर आरमाराचा साहेब, आणि त्याचं बोलणं हिंदीत सांगणारी एक बाई. साहेबाला एवढीच हमी हवी होती, की यातलं काहीही सरहद्दीपलीकडं जाणार नाही.

"हो म्हना, मावशी," नितेश कुजबुजला. "हो म्हटलं का जहाज सुटलं."

गल्लीतल्या बायांनी उन्हाळाभर चीक शिजवून घातलेल्या कुरडया होत्या त्या. मैनाबाईनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"बोला ना!"

"अरे, पौर्णिमाच्या बाळंतपनात सरहद्दीपलीकडच्या गावची बाई रोज डबा घेऊन येत जाय. मंग लढाई लागली. तिचा डबा पौर्णिमापाशीच राह्यला."

मैनाबाई पडद्याकडं वळली. तिनं सरळ साहेबालाच विचारलं, "साहेब, लढाई थांबल्यावर तो डबा वापस करा लागन. भरून आलेला डबा रिकामा धाडू म्हनता का तुमी?"