पाकिटावरचं वांगं

साहेबरावांच्या पडद्यावर वांगं तिसऱ्यांदा तपकिरी दिसलं.

"भुजंग, हे शिळं आहे," ते म्हणाले. "असलं वांगं पाकिटावर छापलं तर आतलं बियाणं कोण घेईल?"

भुजंग पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दोन वर्षांपासून तो कॉम्प्युटरवर चित्रं काढत होता आणि जालन्याच्या या बियाणे कंपनीचं हे त्याचं पहिलंच काम होतं. तिथली पाकिटं साहेबराव पास करायचे. पाकीट उद्या छपाईला जायचं होतं. चित्र आज पास झालं नाही, तर साहेबराव सीडीवरचा तयार फोटो छापणार होते. मग मिरची, भेंडी, दोडका ही पुढची पाकिटंही फोटोंनाच गेली असती.

केदारखेड्याला घरी हेच वांगं जांभळं, तुकतुकीत दिसत होतं. भुजंगकडे फुकट मिळालेलं लिनक्स होतं, कंपनीत विंडोज. मागच्या खेपेला तो स्वतःचा मॉनिटर गोधडीत गुंडाळून एसटीने घेऊन आला होता. कंडक्टरने मॉनिटरचंही अर्धं तिकीट फाडलं. इथे जोडल्यावर त्याच्यावरही वांगं भलतंच दिसलं. पडद्याचे रंग दुरुस्त करणारी प्रोफाइल घरच्या कॉम्प्युटरमध्येच राहिली होती. या खेपेला त्याने मॉनिटर घरी ठेवला आणि आईला आणलं.

गिरिजाबाईंनी चाळीस वर्षं वांगी लावली होती, तोडली होती, बाजारात बसून विकली होती. घरच्या पडद्याची प्रोफाइल त्यांच्याच नजरेने तयार झाली होती. त्यांनी पिशवीतून सकाळी तोडलेलं वांगं काढलं आणि खिडकीच्या उजेडात मॉनिटरशेजारी धरलं.

मॉनिटरची बटणं जरा फिरवून पाहू का, असं भुजंगने विचारलं. साहेबरावांनी साफ नाही म्हटलं. बटणांवर खाकी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर 'हात लावू नये' असं लिहिलं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा भुजंगने चित्राच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेलं रंग जुळवायचं साधन उघडलं. त्यातून होणारी प्रोफाइल चित्रालाच नाही, सगळ्या पडद्याला लागू होणार होती. तो लाल, हिरवा, निळा एकेक सरकवत गेला आणि गिरिजाबाई सांगत गेल्या.

"परवाचं."

त्याने लाल कमी केला.

"कालचं. बाजारात उरलेलं."

त्याने लाल आणखी कमी केला, उजेडही उतरवला.

"हं. हे आत्ता तोडलं."

साहेबरावांनी पडद्यावरचं वांगं पाहिलं, गिरिजाबाईंच्या हातातलं पाहिलं. फरक नव्हता. सही करायला त्यांनी पेन उघडलं आणि ते थांबले.

चित्राच्या चौकटीशेजारी, डेस्कटॉपवर, कंपनीच्या मालकांचा फोटो होता: कृषी प्रदर्शनात ढाल स्वीकारताना. सकाळपर्यंत त्यात मालक गोरेपान आणि गुलाबी होते. आता ते मालकांसारखे दिसत होते.

चिकटपट्टीचं कारण मग बाहेर आलं. फोटो लावला त्या दिवशी मालक म्हणाले होते की चेहरा काळवंडून आलाय. साहेबरावांनी बटणं दाबून दाबून तो उजळवला, मालक खूश झाले आणि बटणांवर पट्टी बसली.

भुजंगने तोड काढली. त्याने दोन प्रोफाइल करून ठेवल्या. एकीला नाव दिलं 'वांगं', दुसरीला 'मालक'. वांगं लावून सही करायची, मग मालक लावून ठेवायचे. साहेबरावांना हे पटलं. त्यांनी पेन पुन्हा उचललं, तोच अंगणात जीपचा हॉर्न वाजला. पेन टाकून त्यांनी घाईने 'मालक' लावलं.

मालक आत आले. आधी त्यांनी फोटो पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग शेजारचं वांगं पाहिलं.

"हे छापायचंय? हे तर शिळं दिसून राह्यलं."

भुजंग चिकटपट्टीकडे पाहत उभा राहिला. गिरिजाबाईंनी हातातलं वांगं मालकांसमोर टेबलावर ठेवलं.

"मालक, वांगं ताजंच हाय," त्या म्हणाल्या. "पर तुम्ही गोरे दिसता तवर ते शिळंच दिसंल."

साहेबरावांनी पेनचं टोपण लावून टाकलं. मालकांनी खुलासा विचारला, तेव्हा भुजंगने दोन्ही प्रोफाइलची हकिकत खाली मान घालून सांगितली. मालकांनी टेबलावरचं वांगं उचललं. देठाचा काटा बोटाला लागला, तसं परत ठेवलं. फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"साहेबराव, वांगं लावा."

साहेबरावांनी माउसला हात घातला.

"पाकिटं छापून येईपर्यंत," मालक म्हणाले.